मौजे मजकूर, लॉट मजकूर

हळदीची एक पट्टी मी गेली कित्येक वर्षे जपून ठेवली आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातली, २००८ च्या हंगामातली. पोती ९, वजन ५४० किलो, बारदान ९ किलो, तूट ३४ किलो, दर क्विंटलला ४००० रुपये. खाली निव्वळ वजन ४९७ किलो आणि रक्कम १९,८८० रुपये. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. चूक आहे ती एकाच आकड्यात, आणि तो आकडा त्या पट्टीचा नव्हताच. तो तिच्या आधी ज्याच्या मालाचा सौदा झाला त्या दुसऱ्याच शेतकऱ्याचा होता. पट्टी छापणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला होता.

मी मूळचा साताऱ्याचा. शिकायला सांगलीत आलो आणि पंचवीसेक वर्षे तिथेच लहान व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहीत राहिलो. संगणकाच्या भाषांतील एका बारीकशा सोयीबद्दल दिवाळी अंकात लिहावे का, याविषयी मला शंका होती. पण ही सोय वस्तूचे नाव एकदा घेऊन पुढे ते न उच्चारता बोलत राहण्याची आहे. ती संगणकाच्या फार आधीपासून आपल्याकडे आहे. साताऱ्याच्या घरातील मोडी कागदांत आणि वाईच्या शास्त्रीबुवांच्या पाठातही मला ती भेटली. या सोयीने माझा हात पोळला आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी वस्तू म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्रॅम लिहिणारा जगातील गोष्टी 'ऑब्जेक्ट' म्हणून मांडतो. हळदीचा एक लॉट ही एक वस्तू. खातेदार कोण, पोती किती, वजन किती, बारदानाचे किती, ओलीपोटी आणि मातीपोटी धरलेली तूट किती, दर काय, हे तिचे गुणधर्म. गुणधर्म सांगायची सर्वांत साधी रीत अशी :

लॉट.पोती = ९
लॉट.वजन = ५४०
लॉट.बारदान = ९
लॉट.तूट = ०
लॉट.दर = ४०००

मधले टिंब षष्ठीचे काम करते. लॉटची पोती, लॉटचे वजन. (मूळ भाषांतील शब्द इंग्रजी असतात, इथे मी ते देवनागरीत लिहितो आहे. गुणधर्मांची नावे मात्र देवनागरीत खरोखरच चालतात. जावास्क्रिप्टला 'वजन' हे नाव ठेवले तर ती कुरकुर करत नाही.)

या पाच ओळींत 'लॉट' पाच वेळा आले. खऱ्या कामात एकेका वस्तूला वीस-पंचवीस गुणधर्म असतात आणि तिचे नावही इतके आटोपशीर नसते. 'दुकान.हंगाम.आजचेसौदे.चालूलॉट' असे लांबलचक नाव पंचवीस वेळा लिहायचे म्हणजे शिक्षाच. नवशिक्याला वाटते, हा फक्त बोटांच्या कष्टाचा प्रश्न आहे. तसे नाही. माणूस पंचवीस वेळा तेच लिहीत नाही. एक ओळ लिहून चोवीस वेळा तिची नक्कल उतरवतो आणि मग प्रत्येकीत थोडा थोडा बदल करतो. सोळाव्या ओळीत 'चालूलॉट'ऐवजी 'मागचालॉट' राहून गेले, तर वाचणाऱ्याचा डोळा ते पकडत नाही, कारण सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. पुनरुक्तीत चूक लपते. म्हणून संक्षेप हवाच, आणि भाषा घडवणाऱ्यांनी तो देण्याचा प्रयत्न फार लवकर केला.

स्वित्झर्लंडच्या निक्लाउस विर्ट यांनी १९७० मध्ये पास्कल ही भाषा प्रसिद्ध केली. आमच्या पिढीने कॉलेजात प्रोग्रॅमिंगची बाराखडी हिच्यावर गिरवली. तिच्यात 'विथ' नावाची रचना होती. 'विथ लॉट' म्हणायचे आणि मग खाली नुसते वजन, बारदान, दर असे लिहीत जायचे. ही नावे लॉटची आहेत हे पास्कल समजून घेई. समजून घेई याला कारण होते. लॉटला कोणकोणते गुणधर्म असतील याची यादी तिथे आधीच जाहीर करावी लागे. यादीत नसलेले आणि दुसरीकडेही न सांगितलेले नाव आले, तर प्रोग्रॅम तयारच होत नसे.

मी सांगलीच्या त्या दुकानासाठी पहिला प्रोग्रॅम २००२ मध्ये केला तो व्हिज्युअल बेसिकमध्ये. तिथेही 'विथ' होते, पण एका फरकाने. आत लिहिताना प्रत्येक गुणधर्माच्या आधी टिंब द्यावे लागे :

विथ लॉट
  .पोती = ९
  .वजन = ५४०
  .दर = ४०००
एंड विथ

मालकाचे नाव गेले, पण त्याचे टिंब राहिले. टिंब असलेले ते लॉटचे, नसलेले ते बाहेरचे. त्या वेळी हे टिंब मला उगीचच वाटायचे. 'विथ लॉट' म्हटल्यावर पुन्हा टिंब कशाला? सहा वर्षे तो प्रोग्रॅम बिनतक्रार चालला आणि त्याचे श्रेय मी स्वतःला दिले.

२००८ मध्ये दुकानाच्या मालकांनी सांगितले की आता सगळे ब्राउझरमध्ये हवे, म्हणजे कोणत्याही यंत्रावरून पट्टी काढता येईल. मग मी जावास्क्रिप्टकडे वळलो. ब्रेंडन आइक यांनी ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना केली. तिचा पहिला नमुना त्यांनी दहा दिवसांत उभा केला, हे आता सर्वश्रुत आहे. तिच्यातही 'विथ' होते, पास्कलसारखे, बिनटिंबाचे. मला जुना मित्र भेटल्यासारखे झाले. जुना प्रोग्रॅम समोर ठेवून मी टिंबे काढत गेलो. पान कसे स्वच्छ दिसू लागले!

त्या नव्या प्रोग्रॅममध्ये मी लॉटची वस्तू तयार करताना खातेदार, पोती, वजन, बारदान, दर आणि निव्वळ एवढे गुणधर्म दिले. तूट सगळ्याच मालाला नसते, म्हणून ती दिली नाही. माल ओला असेल तेव्हाच ती लिहायची, असे ठरवले. शिवाय पानाच्या अगदी वर, दुसऱ्याच एका बेरजेसाठी, 'तूट = ०' अशी एक सुटी ओळ होती. मग :

विथ (लॉट) {
  वजन = ५४०
  बारदान = ९
  जर माल ओला असेल तर तूट = ३४
  निव्वळ = वजन − बारदान − तूट
}

वाचायला सरळ आहे. जावास्क्रिप्ट मात्र हे असे वाचते : 'तूट' हे नाव आले, लॉटला असा गुणधर्म आहे का? नाही. मग बाहेर बघू. बाहेर पानाच्या माथ्यावर 'तूट' आहे. तीच घेऊ. म्हणजे ओल्या मालाच्या शेतकऱ्याची ३४ किलो तूट त्याच्या लॉटवर लिहिली न जाता पानाच्या माथ्यावर लिहिली गेली आणि तिथेच बसून राहिली. त्याचा स्वतःचा हिशेब बरोबर आला, कारण वाचतानाही ती माथ्यावरूनच वाचली गेली. पण त्याच्यामागून आलेल्या कोरड्या मालाच्या प्रत्येक लॉटला तूट नव्हती. जावास्क्रिप्टने त्यांच्यासाठीही बाहेर पाहिले, आणि ३४ तिथे होतेच.

सकाळी पान नव्याने उघडले की तूट शून्य. पहिल्या ओल्या लॉटपर्यंत सगळ्या पट्ट्या बरोबर. मी तपासायला जायचो तो सकाळी, सौदे सुरू होण्याआधी.

कराड तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावाहून आलेल्या मावशी होत्या. नऊ पोती हळद. त्या भागातले बरेच शेतकरी जिल्ह्याची हद्द ओलांडून सांगलीला माल आणतात, कारण हळदीची पेठ म्हणजे सांगली. मावशींना वाचता येत होते. त्यांनी पट्टी हातात घेऊन दिवाणजींना विचारले, "ही तूट कसली? माझ्या हळदीला वल न्हवती." दिवाणजी म्हणाले, संगणकात आले आहे, म्हणजे काटेवाल्याने सांगितले असणार. काटेवाला म्हणाला, मी सांगितले नाही. मावशी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या, आणि दिवाणजींनी खात्री करून द्यायची म्हणून तीच पट्टी पुन्हा छापली. ३४ किलो नाहीसे झाले होते! निव्वळ ५३१ किलो, रक्कम २१,२४० रुपये. दोन पट्ट्यांत १,३६० रुपयांचा फरक.

दिवाणजींनी मला बोलावले तेव्हा मावशी बाकावर बसल्या होत्या. दोन्ही पट्ट्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "दादा, काल माझ्या म्होरं त्यो ज्याचा सौदा झाला ना, त्याची पोती वली हुती. मी बघितलंया. त्याची तूट माझ्या नावावर कशी आली, तेवडं सांगा."

तिथे बसून, संगणकाला हातही न लावता, त्यांनी दोष शोधून काढला होता. मला तो सापडायला पुढे दोन दिवस लागले.

हे सारे टिंब ठेवले असते तर झाले नसते, हे सांगण्यासारखे आहे. 'लॉट.तूट' असे लिहिले असते, तर लिहितानाच ती लॉटवर गेली असती. आणि कोरड्या लॉटची नसलेली तूट वाचायला गेल्यावर जावास्क्रिप्टने बाहेर पाहिले नसते. तिने 'काही नाही' असे उत्तर दिले असते. वजनातून 'काही नाही' वजा केले की त्या भाषेत 'ही संख्या नव्हे' अशा अर्थाची तीन अक्षरे येतात. ती पट्टीवर छापली गेली असती आणि पहिल्याच दिवशी दिवाणजींनी मला फोनवर फैलावर घेतले असते. टिंबाने चूक टळली नसती कदाचित, पण ओरडून सांगितली असती. बिनटिंबाच्या 'विथ'ने ती गुपचूप दुसऱ्याच्या खात्यावर टाकली.

हा दोष माझ्या एकट्यालाच कळला, अशातला भाग नाही. जावास्क्रिप्टचे प्रमाण ठरवणाऱ्यांनी डिसेंबर २००९ मध्ये भाषेची पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात 'कडक' नावाची एक शिस्त आणली. ती मान्य केलेल्या प्रोग्रॅममध्ये 'विथ' वापरताच येत नाही, आणि कुठेच न सांगितलेल्या नावाला मूल्य दिले तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. भाषेतून 'विथ' पूर्ण काढून मात्र टाकता आले नाही, कारण जगभरची जुनी पाने त्यावर उभी आहेत. विर्ट यांनी तर आपल्या पुढच्या ओबेरॉन या भाषेत पास्कलमधली ही सोय ठेवलीच नाही.

या प्रकरणानंतर दोन-तीन वर्षांनी मी मोडी शिकलो. त्याचा संगणकाशी संबंध नव्हता. साताऱ्याच्या घरी माळ्यावर कागदांचा एक रुमाल होता, आणि वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला, एवढेच. रुमालात बहुतेक जमिनीचे कागद. ते अडखळत वाचताना एक शब्द पुन:पुन्हा येऊ लागला : मजकूर.

आज आपण मजकूर म्हणजे लिहिलेला भाग समजतो. वर्तमानपत्रात मजकूर येतो, जाहिरातीचा मजकूर असतो. मूळ अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ 'उल्लेखिलेला'. कागदाच्या आरंभी गावाचे नाव, तर्फ, प्रांत असे सगळे एकदा सांगून झाले की पुढे नुसते 'मौजे मजकूर'. सालाचा आकडा एकदा आला की पुढे 'साल मजकूर'. माणसाचे, विशेषतः मानाच्या माणसाचे, नाव एकदा हुद्द्यासकट आले की पुढे 'मशारनिल्हे'. ज्या बाबीविषयी कागद आहे ती 'सदरहू'. आणि हे शब्द एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. एकाच कागदात गाव, साल, माणूस आणि बाब असे चार धागे चालू असतात, पण 'मशारनिल्हे' म्हटल्यावर गावाकडे कोणी बघत नाही.

कारकुनाने नाव गाळले, पण जागा मोकळी सोडली नाही. तिथे 'मजकूर' ठेवले. व्हिज्युअल बेसिकचे टिंब ते हेच. त्या टिंबाला मी उगीच म्हणत होतो! साताऱ्याच्या दफ्तरातला कोणताही कारकून मला सांगू शकला असता की ते उगीच नाही.

त्याच कागदांत याची दुसरी तऱ्हाही आहे. जमीन द्यायची तर तिच्या चतुःसीमा सांगायच्या, पूर्वेस अमुक, पश्चिमेस अमुक, दक्षिणेस, उत्तरेस. आणि मग जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, अशी एका दमात सगळी मालमत्ता. 'या जमिनीचे जल', 'या जमिनीचे तरू' असे कोणी लिहीत नाही. एक यादी उघडते, भरते, मिटते. मिटली की मिटली. तिच्यात नसलेले काही बाहेरून आत येत नाही; दोनशे वर्षांनी वाद निघाला, तर निवाडा देणारा यादीवरच बोट ठेवतो.

साताऱ्यापासून जवळ, वाईला, मराठी विश्वकोशाचे काम चालले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, आणि पहिला खंड १९७६ चा. त्यातील वनस्पतींवरच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना त्यांची सुरुवात आठवेल. नाव, मग कंस उघडतो, आणि आत हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी, लॅटिन नावे आणि कुल, प्रत्येकापुढे भाषेचे एक-दोन अक्षरी संक्षिप्त रूप, मध्ये अर्धविरामाची चिन्हे. कंस मिटतो, मग वाक्ये सुरू होतात. 'हळदीला हिंदीत', 'हळदीला कानडीत' अशी सहा वाक्ये होऊ शकली असती. झाली नाहीत, आणि एकाही वाचकाचा घोटाळा झाला नाही. प्रत्येक मूल्यावर त्याच्या गुणधर्माची चिठ्ठी आहे आणि सगळ्यांभोवती कंस आहे.

वाईचाच विषय निघाला म्हणून शास्त्रीबुवांचे सांगतो. त्यांच्याकडे मी काही महिने दर रविवारी व्याकरण समजून घ्यायला जात असे. एकदा पट्टीची हकीकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "अहो, हे दुखणं तुमच्या यंत्राचं नाही. आमच्याकडे याला अनुवृत्ती म्हणतात."

पाणिनीची अष्टाध्यायी सुमारे चार हजार सूत्रांची आहे आणि ती तोंडपाठ करण्यासाठी रचलेली आहे. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी म्हण त्या परंपरेतच आहे. तेव्हा एका सूत्रात आलेला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा म्हणायचा नाही. तो आपोआप पुढे चालत येतो, असे धरायचे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील दुसऱ्या सूत्रात 'इत्' ही संज्ञा येते. ती पुढे आठव्या सूत्रापर्यंत एकदाही उच्चारलेली नाही, पण प्रत्येकात आहे. नवव्यात पाणिनी एक सर्वनाम वापरतो, 'त्याचा' अशा अर्थाचे. म्हणजे तिथे चक्क 'मजकूर' आला.

गोम अशी, की दुसऱ्या सूत्रातले सगळेच शब्द पुढे येत नाहीत. काही येतात, काही तिथेच थांबतात. मग कोणता शब्द येतो आणि कुठवर येतो हे ओळखायचे कसे? याची तजवीज पाणिनीने केली होती. त्याच पादातील अकरावे सूत्र सांगते की अधिकार, म्हणजे पुढे चालत राहणारा शब्द, स्वरित या विशिष्ट स्वराने ओळखावा. पाठ म्हणतानाच कानाला कळावे, अशी योजना. पण आज आपल्याकडे आलेल्या पाठात ते स्वर नाहीत. खुणा हरवल्या आणि सूत्रे राहिली. त्यामुळे अनुवृत्ती कुठवर आहे हे काशिकेसारख्या टीकाग्रंथांकडून समजून घ्यावे लागते, आणि टीकाकारांत मतभेदही होतात.

"टिंबं गेली," मी म्हणालो.

"आणि काही ठिकाणी पाणिनीने स्वतःच कुंपण घातले आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. समासाचे प्रकरण दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात तिसऱ्या सूत्राने सुरू होते, आणि ते सूत्रच सांगते की 'कडार' हा शब्द येईपर्यंत. तो शब्द येतो दुसऱ्या पादाच्या अडतिसाव्या सूत्रात. तिथे प्रकरण मिटते. शंभराहून अधिक सूत्रे मध्ये आहेत, पण हद्दीबद्दल शंका नाही.

मला त्या रविवारी एक गोष्ट सुटी करून दिसली. नाव गाळले की दोन प्रश्न उभे राहतात : हे कुठवर चालू आहे, आणि आत आलेले हे नाव नक्की त्याचेच का? माझ्या 'विथ'ला महिरपी कंस होता, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते. दुसऱ्याचे नव्हते, आणि १,३६० रुपये तिथे गळले.

आजची जावास्क्रिप्ट लिहिणारी मुले 'विथ'चे नावही ऐकून नसतात. त्यांच्याकडे यापेक्षा चांगली साधने आहेत, आणि ती पाहिली की मला चतुःसीमेची आठवण होते. वस्तू नव्याने करायची तर सगळे गुणधर्म एका कंसात :

लॉट = { पोती: ९, वजन: ५४०, बारदान: ९, तूट: ०, दर: ४००० }

विसर्गासारख्या दोन टिंबांच्या डावीकडे जे आहे ते या वस्तूचेच. बाहेर बघण्याचा प्रश्न येत नाही. वस्तू आधीच असेल आणि तिच्यावर एकदम चार-पाच गुणधर्म ठेवायचे असतील, तर २०१५ च्या आवृत्तीपासून 'ऑब्जेक्ट.असाइन' आहे. त्याला आधी वस्तू द्यायची आणि मग असाच भरलेला कंस. कंसातील सगळे वस्तूवर उतरते. २०१८ पासून त्याहून आखूड रीत आली : कंसात तीन टिंबे देऊन जुन्या वस्तूचे नाव, आणि पुढे बदललेले तेवढे गुणधर्म. जुनीचे सगळे घ्या, पण वजन आणि दर हे नवे. क्रम महत्त्वाचा, कारण मागून आलेले आधीच्याला पुसते.

इतर भाषांनी आपापल्या वाटा काढल्या. स्मॉलटॉकमध्ये एकाच वस्तूला ओळीने सूचना देताना मध्ये अर्धविराम देतात. डार्टमध्ये प्रत्येक ओळ दोन टिंबांनी सुरू होते. सी शार्पने २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत वस्तू निर्माण करतानाच पुढे कंसात तिचे गुणधर्म भरण्याची सोय दिली. या सर्वांत मालकाचे नाव एकदाच येते, आणि काही ना काही खूण जागेवर राहते.

मला विचाराल तर यांतल्या दोन सोयींपासून मी अजून जपून राहतो. पहिली फार लोकप्रिय आहे. बाहेरच्या चलाचे नाव आणि गुणधर्माचे नाव एकच असेल तर 'तूट: तूट' न लिहिता कंसात नुसते 'तूट' लिहिता येते. दिसायला सुबक. पण तिथे मूल्य बाहेरून येते, आणि पानाच्या माथ्यावर कोणी जुनी 'तूट' विसरले असेल, तर तीच आत येऊन बसेल. पैशाच्या हिशेबात मी तेवढी चार अक्षरे वाचवत नाही.

दुसरी अधिक फसवी आहे, आणि ती समजवायला हरिपूरची पेवे बरी पडतात. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीतल्या खोल पेवांत साठवण्याची पद्धत होती; २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. आता समजा, एका पेवाच्या पावतीची मी हुबेहूब नक्कल काढली. पावत्या दोन झाल्या. पेव एकच राहिले. एका पावतीवरून दहा पोती काढली, तर दुसरी पावतीवालाही दहा पोत्यांनी कमी होतो. जावास्क्रिप्टमधले असाइन आणि तीन टिंबे अशीच वरवरची नक्कल करतात. पोती, वजन, दर असे साधे आकडे खरोखर वेगळे होतात. पण लॉटच्या आत 'कपात' नावाची आणखी एक वस्तू असेल आणि तिच्या पोटात तूट, हमाली, तोलाई असे असेल, तर नक्कल केलेल्या दोन्ही लॉटांत ती आतली वस्तू एकच असते. एका शेतकऱ्याची तूट बदला, दुसऱ्याची बदलेल. म्हणजे मावशींची पट्टी पुन्हा, वेगळ्या दाराने. उपाय एवढाच, की आतली वस्तूही प्रत्येक वेळी नव्याने, उघड लिहून करायची.

त्या हंगामाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दोष सापडल्यावर मी आणि दिवाणजींनी तीन आठवड्यांच्या पट्ट्या काढून बसलो. रोजचा पहिला ओला लॉट शोधायचा आणि त्याच्यानंतरचे कोरडे लॉट तपासायचे. ४१ पट्ट्या चुकीच्या निघाल्या. दुकानाच्या वहीत त्या दिवसांची शिल्लक जुळण्याऐवजी वर येत होती, हे दिवाणजींच्या लक्षात आले होते. खरेदीदाराचे बिल वेगळे बनत असे आणि त्याला पूर्ण वजन लागत असे. शिल्लक वाढली तर कोण तक्रार करतो? मालकांनी फरक शेतकऱ्यांना परत द्यायचे ठरवले आणि मी त्या वर्षीचे माझे पैसे घेतले नाहीत. काही जण आले, काहींना निरोप धाडावे लागले, दोघे-तिघे शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्यांच्या नावची रक्कम वहीत तशीच पुढे ओढली गेली.

मावशी पुढच्या आठवड्यात आल्या. तोवर मी प्रत्येक लॉट पुरी यादी भरूनच तयार होईल असे केले होते, आणि तूट नसली तरी पट्टीवर 'तूट : ०' असे छापून येई. दिवाणजींना ते आवडले नव्हते. नसलेली गोष्ट कशाला छापायची, शाई जाते, असे त्यांचे म्हणणे. मावशींनी १,३६० रुपये दोनदा मोजले, नवी पट्टी वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्या शून्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये हितं लिवलंत ते बरं केलंसा." जुनी, चुकीची पट्टी त्यांनी माझ्यापुढे टाकली. ती तेव्हापासून माझ्याकडे आहे.